लाईन काय बोलते

पाण्याला घाबरणारी माणसं सगळीकडे असतात, पण पाणी ज्याला घाबरतं असा माणूस सगळ्या डहाणू तालुक्यात एकच झाला, आणि तो माझ्या नशिबात चुलतसासरा म्हणून आला. त्यांचं नाव मी घेत नाही, आमच्यात सुना मोठ्यांचं नाव घेत नाहीत, आणि घे बोललं कोणी तरी माझ्या तोंडातून निघायचं नाही, म्हणून चुलतसासरेच बोलते. सरावलीच्या पुढे आमचं गाव. नदीकाठच्या विहिरीवर पंचायतीची मोटर, ती पाणी वर चढवणार उंच टाकीत, आणि टाकीतून कुठल्या आळीला किती वेळ पाणी सोडायचं ते ठरवणार हे चुलतसासरे. सोडायचं पण ह्यांनीच, पाईप फुटला तर बांधायचा पण ह्यांनीच, आणि वर्षाची पाणीपट्टी मागायला दारात उभं राहायचं ते पण ह्यांनीच. मी तलासरीकडची, आमच्या पाड्यावर विहीर आणि एक हातपंप, नळ मी पहिल्यांदा सोडला तो लग्नानंतर, आणि आधी नुसती हवा निघाली फुस्स करून तर मी कळशी टाकून मागच्या दाराने पळाले, सासूबाई अजून पाहुण्यांना सांगतात. मला तशी सगळ्याचीच भीती वाटते, कुत्र्याची वाटते, शिक्का मारलेल्या कागदाची वाटते, पण सगळ्यात जास्त वाटायची ती ह्यांची.

त्यांच्याकडे दोन वस्तू कायम असायच्या, वॉल फिरवायची लांब चावी खांद्यावर आणि एक लोखंडी सळई हातात. सळईचं एक टोक ते नळावर नाहीतर वॉलवर टेकवायचे, दुसरं टोक कानामागच्या हाडावर, डोळे मिटायचे, आणि लाईनीच्या आत काय चाललंय ते ऐकायचे. मग सांगायचे. "मधल्या आळीत कोणीतरी नळ चालू ठेवून गप्पा मारतंय." जाऊन बघितलं तर खरंच असायचं. लाईनी दोन, एक जुनी बिडाची, तिला ते थोरली बोलायचे, आणि एक नवीन प्लास्टिकची, ती धाकटी. थोरलीचा फार मान. धाकटीवर विश्वास नाही. "लाडावलेली आहे ती, जरा ऊन लागलं की तडकते," असं ते बोलायचे तेव्हा आमच्या गल्लीतल्या दोन सुना आपल्याला बोलले समजून रुसल्या होत्या. कोणाच्या घरी गेले की माणसाला राम राम नंतर, आधी नळाकडे. ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचे, इकडून तिकडे फिरवायचे आणि मोरीत थुंकायचे, आणि सांगायचे टाकीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर आज कमी पडलीय का जास्त. एकदा पोस्टमनच्या घरी असंच फिरवून बोलले, "तुमच्या गच्चीवरच्या टाकीत पाल आहे." पोस्टमनची बायको बोलली शक्यच नाही, झाकण आहे. वर चढून बघितलं तर दोन होत्या. माझ्या लग्नात सगळे अक्षता टाकून आशीर्वाद देत होते, हे वाकून बोलले काय, तर "नळाचा वायसर ढिला ठेवू नकोस." मला वाटलं वायसर म्हणजे नवऱ्याचं काही.

पण खरी मजा पाणीपट्टीच्या दिवसांत. ते पावतीपुस्तक काखेत घालून निघाले की आळीभर बायका एकमेकींना इशारे करायच्या आणि प्रत्येकजण आपलं कारण तयार ठेवायची. ते ओट्यावर बसायचे आणि आधी भाषण. "पाणी देवाचं, ते फुकट. पण ते टाकीत चढवायला लाईट लागते, ती देवाची नाय. मग पावडर, मग वॉलचं पॅकिंग, फुटलेल्या जागी घालायचे तुकडे. हे सगळं तुमच्या पट्टीतून होतं, सरकार एकदा टाकी बांधून देतं आणि जातं. आणि ह्यातून उरलं तर माझं मानधन. उरत नाय." मग समोरची बाई तिचं सांगणार, नवरा बोटीवर गेलाय, म्हैस आटलीय, पोराचं ॲडमिशन आहे. हे सगळ्याला मान हलवणार, मध्ये एक शब्द बोलणार नाहीत, चेहरा असा की आता माफच करतात, आणि शेवटी हात पुढे करून बोलणार, "बरोबर आहे. काढा." शाळेतल्या गुरुजींनी एकदा अर्धा तास कायदा सांगितला, पाणी पुरेसं येत नाही तर पट्टी कशी मागता, कुठलं कलम, कुठला नियम. हे मान हलवत होते, गुरुजींना चेव चढत गेला, घाम आला त्यांना, आणि शेवटी, "बरोबर आहे गुरुजी. काढा." गुरुजींनी काढले. सगळं गाव बोलायचं, काय काळीज आहे बघा ह्या माणसाचं, कुठलंच कारण आत जात नाही.

ते खरंच आत जात नव्हतं हे मला कळलं ते नोटा बदलल्या त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात, आणि ते कळलं एका मोटरीमुळे.

आमचं घर लाईनीवरचं शेवटचं. शेवटच्या घराचं काय असतं, सगळ्यांचं भरून झालं की आपल्याकडे येतं, आणि सगळ्यांचं भरून होईपर्यंत वॉल बंद करायची वेळ होते. माझी तनू तेव्हा आठ महिन्यांची, तिची लंगोटंच दिवसाला वीस, आणि नळाला धार किती, तर शिवायच्या दोऱ्याएवढी. हंडा भरायला ठेवला की तिला न्हाऊमाखू घालून, झोपवून, भात शिजवून यायचं तरी हंडा अर्धा. नवरा उंबरगावला कंपनीत, तो एक दिवस शिफ्टवरून येताना पिशवीतून मोटर घेऊन आला, जुनीच, कोणाकडून तरी. ती नळाच्या पाईपाला जोडली की पाणी ओढून घेते, आपल्या वाटचं पण आणि दुसऱ्यांच्या वाटचं पण. पंचायतीने ग्रामसभेत ठराव केलेला, नळाला मोटर लावेल त्याचं कनेक्शन कापायचं, आणि कापणार कोण तर माझे चुलतसासरे, त्यांनी त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याचं कापलं होतं दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला. मी बोलले, "काका कापतील." नवरा बोलला, "कळलं तर कापतील ना." "सळई लावली की कळतं त्यांना." "मग सळई लावतील तेव्हा बंद कर." असं बोलून तो झोपला. पुरुषांचं हे असं, चालू करून देतात, बंद करायचं आपल्यावर.

मोटर आम्ही ओट्यावर नळाशेजारी ठेवली आणि वर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलं. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी मोटर चालू, कुकर चुलीवर, तनू कडेवर, आणि समोरून खांद्यावर चावी घेऊन चुलतसासरे. मी बटणाकडे धावणार तर ते येऊन बरोबर बटणाखालीच भिंतीला खांदा लावून बसले, माझ्याकडे पाठ करून, आणि बोलले, "चहा टाक बाय." आता सासऱ्याच्या डोक्यावरून हात घालून बटण कसं बंद करायचं. डालग्याखाली मोटर गुरगुरतेय. त्यांनी सळई काढली, नळावर टेकवली, डोळे मिटले. मी मनात महालक्ष्मीला नारळ बोलले, मग दोन बोलले. आणि ते डोळे उघडून काय बोलले, "शांत आहे लाईन. शेवटच्या घराला अशीच शांत लाईन लागते."

मला वाटलं खेळवतायत मला, मांजर उंदराला खेळवतं तसे. चहा दिला, आणि तिकडे ते डालगं थरथरत मोटरीच्या हादऱ्याने ओट्यावरून हळूहळू सरकायला लागलं, सरकत सरकत त्यांच्या पायाकडे निघालं. तेवढ्यात त्यांच्या डोक्यामागे कुकरची शिट्टी झाली अशी, की मी उडाले, तनूने भोकाड पसरलं, डालग्यावर बसलेली कोंबडी ओरडत छपरावर गेली. आणि ते बशीतून शांतपणे चहा ओढत बोलले, "पोरगी शहाणी आहे, रडत नाय."

रडत नाय, आणि ही कानाशी बोंबलतेय. मग मला काय सुचलं कोणास ठाऊक, मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून हळूच बोलले, "काका, खांद्यावर विंचू आहे." ते बोलले, "साखर बरोबर पडलीय." मी जरा मोठ्याने बोलले, "काका, लेंगा फाटलाय." तर बशी खाली ठेवून, "निघतो, मधल्या आळीचा वॉल बंद करायचा आहे." आणि गेले.

तेव्हा एकेक उलगडत गेलं. समोर तोंड असेल आणि बोलणं थोडकं असेल तर ओठ बघून समजायचं त्यांना, लांबलचक बोललं किंवा पाठ फिरली की काही नाही. म्हणून ते कोणाला बोलू द्यायचे नाहीत, आधी भाषण करायचे. आणि पाणीपट्टीला सगळी आळी बोलायची तेव्हा ते कारणाला मान हलवत नव्हते, नुसते आपले हलवत होते. गुरुजींचं अर्ध्या तासाचं कलम वाया गेलं होतं. मला इतकं हसायला आलं की तनू रडायची थांबून माझ्याकडे बघत बसली. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. ज्याच्या कानाला सगळं गाव घाबरतं त्याला ऐकूच येत नाही आणि ते मला एकटीला माहीत. मी मोटर बिनधास्त लावायला लागले.

पण मग पाणी सगळ्यांचंच कमी झालं. आधी आमच्या अलीकडच्या म्हातारीचं, ते माझ्या मोटरीमुळे असेल म्हणून मी घाबरून दोन दिवस बंद ठेवली, तरी येईना. मग मधल्या आळीतल्या शेवटच्या चार घरांचं. टाकी भरून सोडायची आणि अर्ध्यातच संपायची, पाणी कुठेतरी जात होतं आणि वर कुठे ओल दिसत नव्हती. शेवटच्या घरांनी सांगितलं, नळाला पाणी नाही तर आम्ही पट्टी देणार नाही, आणि ह्या वेळी "बरोबर आहे, काढा" चाललं नाही, दारंच लावून घेतली. त्यांचं बघून पुढच्यांनी बंद केली. पट्टी नाही तर विहिरीवरच्या मोटरीचं लाईटबिल भरायचं कशातून, लाईटवाल्यांचा कागद आला, शिक्का मारलेला, सरपंचबाईंनी तो पंचायतीच्या दारावर चिकटवला आणि मी तो लांबूनच बघून आले. विवळवेढ्याची महालक्ष्मीची यात्रा पंधरा दिवसांवर आलेली, घरटी दहा दहा पाहुणे येणार. सरपंचबाई चुलतसासऱ्यांना सगळ्यांसमोर बोलल्या, "काका, यात्रेच्या आत गळती शोधा. नाही सापडली तर मी पालघरहून मशीनवाला आणते, आणि मग चावी पण त्यालाच देते ठेक्यावर. माझा पण इलाज नाही."

चावी जाणार ह्यांची आणि नळ कोरडा राहणार माझा, एवढं मला कळलं.

त्यांनी शोधायला सुरुवात केली. सळई टेकवायची, डोळे मिटायचे, आणि बोलायचं, "इथं." पहिला खड्डा मारुतीच्या देवळासमोर, कोरडा. दुसरा सरपंचबाईंच्या गेटात, त्यांची स्कूटर दोन दिवस आत अडकली. तिसरा एकाच्या गोठ्यात, तिथे ओल सापडली पण ती म्हशीची होती. पोरं त्यांच्या मागे मागे फिरायची आणि कुठेही बोट दाखवून बोलायची, "काका, इथं." ते पोरांकडे बघून हसायचे. मला ते बघवेना, आणि सांगवेना पण. कोणाला सांगणार, आणि सांगितलं तर चावी त्याच दिवशी गेली.

आणि एक दिवस भर दुपारी, ऊन असं की कोंबड्या पण डालग्यात, ते दारात येऊन उभे राहिले. माझ्या तोंडाकडे बघत बोलले, "मोटर बंद कर."

मी बोलले, "कुठली मोटर, काका."

"डालग्याखालची. त्या दिवशी माझ्या पायावर चढली ती."

मी डालग्यापुढे जाऊन उभी राहिले. ते बोलले, "घाबरू नको गो. मोटर चालू आहे, नळ उघडा आहे ते मला हातानेच कळतं, पाईपाला हात लावला की मुंग्या येतात. पण लांबचं गळणं हाताला कळत नाय. त्याला कान लागतो. आणि माझा कान गेलाय ते तुला माहीत आहे."

"मला कुठे काय माहीत, काका."

"पाठीमागे उभी राहून बोललीस ना काहीतरी. समोरच्या स्टीलच्या पिंपात तुझं तोंड हलताना दिसत होतं. काय बोललीस ते नाय कळलं, पण लबाडी कळली." मग सळई माझ्यापुढे धरून बोलले, "तुझी मोटर मी बघितली नाय. माझं तू बघितलं नाहीस. चल."

सासऱ्याबरोबर भर दुपारी रस्त्याने निघायचं, डोक्यावर पदर, कडेवर तनू, आणि हातात सळई. सासूबाई झोपल्या होत्या म्हणून निघता आलं. पहिल्या वॉलच्या खड्ड्याशी मी बसले, सळई लावली, आणि दचकून सोडून दिली, कारण आत खरंच कोणीतरी होतं. बोलत होतं म्हणजे काय, तर घूं असं, लांबून गिरणी चालते तसं. ते माझ्या ओठांकडे बघत. "काय बोलते?" "गिरणीसारखं." "ते टाकीचं. पुढे चल." दुसऱ्या ठिकाणी टिपटिप, ती कोणाच्या तरी मोरीतली. तिसऱ्या ठिकाणी काहीच नाही, माझ्याच छातीची धडधड. मी बोलले, "काका, मला माझंच ऐकू येतंय." ते बोलले, "मलापण आधी तेच यायचं. श्वास सोड आणि ऐक." एका खिडकीतून बाई बघायला लागली तर त्यांनी सळई माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या कानाला लावली आणि डोळे मिटून उभे राहिले, ती आत गेली की परत माझ्याकडे.

असं करत आम्ही मोरीपर्यंत आलो, रस्त्याखालून नाला जातो ती मोरी. तिथे गावचं अळू. चैत्रात सगळीकडे धुळीचा रंग आणि तिथे अळू असं उभं, पानं सुपाएवढी. सगळ्या गावाने त्या महिन्यात तिथली पानं खुडली होती, मी खुडली होती, सरपंचबाईंच्या घरी त्याच्याच वड्या झाल्या होत्या, आणि चुलतसासऱ्यांनी तर माझ्यासमोर वडी खात सांगितलं होतं, यंदा नाल्याला ओलावा चांगला आहे. नाला माघापासून कोरडा होता. कोणाच्याच डोक्यात आलं नाही, ओलावा कुठून. मी मोरीजवळच्या वॉलवर सळई लावली. आत दूध उतू जायच्या आधी झाकणाखाली करतं तसा आवाज, शूं, बारीक, थांबतच नाही. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझं तोंड बघितलं, मग अळू बघितलं, आणि कपाळावर हात मारला. "आपणच खाल्लं," बोलले. "महिनाभर पाणी खाल्लं गावाने, वड्या करून."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्या गावाला बोलावलं. सरपंचबाई आल्या, गुरुजी आले, पोरं आली. माझ्या चुलतसासऱ्यांनी नाटक असं केलं की काय सांगू, तीन ठिकाणी सळई लावून मान हलवली, चौथ्या ठिकाणी लावली आणि इतका वेळ डोळे मिटून उभे राहिले की एकजण बोलला, झोपले वाटतं. मग अळूकडे बोट. खणलं, कमरेएवढं खाली थोरलीचा सांधा फाटलेला, आणि पाणी सगळं मोरीच्या दगडांमधून नाल्याच्या पोटात. मी बायकांच्या मागे उभी. टाळ्या त्यांना. जाता जाता त्यांनी माझ्याकडे बघून एक डोळा बारीक केला, सासऱ्याने सुनेला डोळा मारायचा हे मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी पाणी सोडलं. नळ फुस्स झाला, दोनदा थुंकला, आणि मग आलं ते मनगटाएवढं, मोटरीशिवाय, हंडा बघता बघता भरला आणि वाहून गेला, तनू त्या पाण्यात बसून हात आपटत होती. ते आले, डालगं उचललं, मोटर काढली, पिशवीत भरली. "आता लागणार नाय. तुझ्या नवऱ्याला सांग, काकांना सळईने कळलं." नवऱ्याने आजपर्यंत तेच खरं धरलंय. आठवड्याभरात दारं उघडली, पट्ट्या आल्या, दारावरचा शिक्क्याचा कागद सरपंचबाईंनी स्वतः फाडला, आणि यात्रेला आमच्याकडे अकरा पाहुणे, अकराही न्हाले.

पुढे दोन वर्षं असंच चाललं. ते सगळ्यांना सांगायचे, सुनेला जरा शिकवतोय, माझ्या पाठीमागे कोणीतरी पाहिजे ना. दुपारी आम्ही निघायचो, मी ऐकायची, ते बघायचे. संध्याकाळी ओट्यावर बसून विचारायचे, "लाईन काय बोलते?" आणि ज्या दिवशी लाईन काहीच बोलली नसेल त्या दिवशी मी बनवून सांगायची. थोरली बोलते धाकटी माझं ऐकत नाही. मधल्या आळीतला नळ बोलतो मालकीण नवऱ्याशी भांडून माझ्यावर राग काढते, पिळून पिळून बंद करते. गुरुजींच्या घरची तोटी कलमं सांगते. ते इतके हसायचे की बशीतला चहा सांडायचा, आणि मला समजायचं नाही की खरं समजून हसतात का खोटं समजून. ज्या माणसाला बघून मी पदर सावरत आत पळायची त्याच्यापुढे बसून मी आळीभरची नक्कल करायला लागले होते.

मग एका जानेवारीतल्या ग्रामसभेत पंचायतीने त्यांचा सत्कार ठेवला, शाल, श्रीफळ. एक मेंबर उठून बोलले, काकांसारखा कान तालुक्यात नाही, मशीनला जमत नाही ते काका ऐकतात. मी मागे बायकांत बसलेली, मला हसू येत होतं. चुलतसासरे उठले. भाषण करतील वाटलं, देवाचं पाणी, लाईट देवाची नाही. ते बोलले, "मला पाच वर्षं काही ऐकू येत नाय." सगळे हसले, त्यांना गंमत वाटली. ते थांबले, हसणं संपलेलं त्यांना दिसलं, मग बोलले, "अळूखालची गळती माझ्या सुनेने ऐकली. त्यानंतरच्या सगळ्या तिनेच. मी नुसता उभा राहायचो."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या आणि मला वाटलं जमीन फाटावी, मी तनूच्या मागे तोंड लपवलं, ती केवढीशी. मला त्यांचा राग आला होता, खरंच आला होता, एवढं लपवलं ते कशाला, आणि उघडं करायचं तर मला आधी सांगायचं. पहिले गुरुजी उठले. "म्हणजे मी कलम सांगितलं तेव्हा?" चुलतसासरे त्यांच्या ओठांकडे बघून बोलले, "बरोबर आहे गुरुजी." सभा अशी फुटली हसून की सरपंचबाईंना टेबल वाजवावं लागलं. त्या बोलल्या, "आता शाल कोणाला द्यायची, काका?"

"शाल मला द्या, थंडी आहे. चावी तिला द्या."

सहा महिने मी चावी खांद्यावर घ्यायला लाजले, चादरीत गुंडाळून न्यायची. आता नेते तशीच. पट्टी मागायला जाते तेव्हा मात्र त्रास होतो, कारण मला सगळं ऐकू येतं, म्हैस आटलेली पण, पोराचं ॲडमिशन पण, आणि मी मान हलवून परत येते, आणि दुसऱ्या दिवशी परत जाते.

ते आता सायवनला लेकीकडे राहतात. ज्या माणसाने आयुष्य पाईपाला कान लावून काढलं त्याच्या दाराशी पाईप नाही, अंगणापलीकडे विहीर आहे, तिला वॉल नाही. मागच्या महिन्यात मी तनूला घेऊन भेटायला गेले. दुपारची वेळ, ते खाटेवर. आम्ही बोलतो ते आवाज न काढता, मी नुसते ओठ हलवते, ते बघतात, त्यांची लेक बोलते तुम्हा दोघांना डॉक्टरकडे न्यायला पाहिजे. पण ह्या वेळी ते सारखे पुढे वाकत होते, मोतीबिंदू पिकत चाललाय, ओठ नीट दिसत नाहीत. मी खाटेच्या अगदी जवळ सरकले, हळू हळू सांगितलं. आमच्या घराच्या पुढे दोन नवी घरं झालीत, लाईन तिथपर्यंत नेली, आता शेवटचं घर आमचं नाही. तिथे एक नवीन सून आलीय, मला बघितलं की आत पळते. तिच्या ओट्यावर एक पालथं पिंप आहे आणि ते थरथरतं.

"कापलंस?"

"नाही. चहा पिऊन आले."

ते हसले, पण पहिल्यासारखे नाही, तोंड उघडं ठेवून नुसता श्वास. मग विहिरीकडे तोंड करून डोळे मिटले. मला वाटलं झोप आली. मी उठायला लागले तर माझा हात धरून बोलले, "आणि शेवटच्या घराला? पोचतं का?"

मी बोलले, पोचतं. मान पण हलवली, दिसावी म्हणून जोरात हलवली. ते बोलले, "मग बरं," आणि आडवे झाले.

पोचत नाही अजून. त्या दोन घरांना दोऱ्याएवढी धार आहे आणि कुठे जातंय ते मला सापडलेलं नाही. एसटीत सगळा रस्ता तनू माझ्या मांडीवर झोपलेली आणि मी खिडकीतून प्रत्येक हिरव्या जागेकडे बघत होते. घरी आले तेव्हा ऊन उतरायचं होतं. मी तिला सासूबाईंकडे दिली, चप्पल काढली नाही, पाणी पण प्यायले नाही, सळई घेतली आणि तशीच शेवटच्या घराकडे निघाले.